लेखनिकांचा सत्कार करायचाय, शाल-श्रीफळ सोडून काही सुचवा

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आमचा पुण्यात एक छोटा ग्रुप आहे, रजिस्टर संस्था वगैरे नाही, अंध मुलांना परीक्षेला लेखनिक मिळवून द्यायचे आणि पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायची एवढंच काम. चाळीसेक जण आहोत, कोणी एक रुपया घेत नाही, बसचं तिकीटसुद्धा ज्याचं त्याने काढायचं. या सगळ्यांसाठी कार्यक्रम करायचाय आणि तो मागच्यासारखा अजिबात व्हायला नकोय.

मागच्या वेळी पाहुणे पाऊण तास उशिरा आले, भाषण चाळीस मिनिटं, मग हॉलची वेळ संपत आली म्हणून भराभर नावं वाचून शाल, नारळ, फोटो, चला पुढे. दोघांची नावं चुकीची वाचली. आणि ज्या मुलांचे पेपर यांनी लिहिले ती मुलं शेवटच्या रांगेत बसून होती, त्यांना कोणी दोन शब्द बोला म्हणालं नाही. आयोजनात मीही होते, मला ते अजून लागतं.

ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. लेखनिकाने प्रश्न वाचायचा आणि मुलगा सांगेल तसंच्या तसं उतरवायचं, उत्तर चुकतंय हे कळत असलं तरी तोंड उघडायचं नाही. केंद्राच्या नियमांनुसार तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. शिवाय मुलाने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण मुलापेक्षा कमी लागतं, त्यामुळे बीएच्या मुलांना आमच्यातले पदवीधर चालतच नाहीत. तिथे धावून येतात आमच्या धनकवडीच्या काकू. बारावी झाल्या झाल्या लग्न झालं, पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच, आणि त्याची खंत त्यांना कायम होती. मागे एका पेपरनंतर बाहेर बाकावर बसून मधलं बोट चोळत होत्या, पेनाचा लालभडक वळ उठलेला, आणि मला म्हणाल्या, "अगं, माझी बारावी पण कुणाच्या कामाला येते बघ." या बाईला नारळ देऊन काय होणारे सांगा.

माझ्या डोक्यात असं आहे की मुलांनी स्वतः ब्रेलमध्ये पत्रं लिहायची. पाटीवर कागद लावून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कागद उलटला की डावीकडून वाचता येतं. मग प्रत्येकाने आपल्या लेखनिकासमोर बसून ते बोटांनी वाचून दाखवायचं, स्टेज नको आणि पाहुणेही नकोत. पण ग्रुपमधल्या ज्येष्ठांचं म्हणणं, मान्यवर नसले तर सत्कार कसला, स्वयंसेवकांच्या घरच्यांनाही चार लोकांसमोर कौतुक झालेलं हवं असतं. तेही मला पटतं, म्हणून अडलेय.

तारखेचाही घोळ आहे. 5 डिसेंबर हा स्वयंसेवक दिन, पण तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षा असल्या तर अर्धे लेखनिक पेपरलाच असणार. मला 4 जानेवारी बरी वाटते, लुई ब्रेलचा जन्मदिवस.

अजून एक, "सर्वोत्कृष्ट स्वयंसेवक" असा नंबर काढावा का? कोणी वर्षात पंचवीस पेपर लिहितं, तर एक दादा एकही लिहीत नाहीत पण रात्री अकराला मुलाचा फोन आला की सकाळपर्यंत लेखनिक शोधून देतात, आता हे मोजायचं कशात?

बजेट पंधरा हजार, खाणं धरून. नवी पेठ, सदाशिव पेठेत तळमजल्यावरचा किंवा लिफ्ट असलेला छोटा हॉल माहीत असेल तर प्लीज सांगा, बसस्टॉपपासून रस्ता ओलांडावा लागत नसेल तर फारच उत्तम, मुलं एकेकटी येतात.

अपडेट: फोटोफ्रेम सुचवणाऱ्यांचे आभार, पण जी भेट मुलांना हात लावून कळेल अशीच हवीय. पत्राखाली लेखनिकाचं नाव देवनागरीत पण उठावदार अक्षरांत करून देणारं कोणी पेठांमध्ये आहे का? चाळीसच नग आहेत, एवढ्या कमी संख्येला करून देतील असं कोणी सांगा.