अनुभव धागा : रस्ता ओलांडणाऱ्यासाठी तुम्ही गाडी थांबवता का? कशी?

मी जळगावचा. आमच्या शहराच्या पोटातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो (आमच्या तोंडी अजून सहा नंबरच). घर एका बाजूला, दवाखाना दुसऱ्या. समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षं ओरड झाली ती उगाच नाही. मागच्या महिन्यात एका आजींना पाहून गाडी थांबवली. त्या निघाल्या आणि माझ्या डावीकडून एका बाईकवाल्याने कट मारला. पिशवी हँडलला अडकली, मेथी रस्त्यावर. आजी वाचल्या. पण ओरडल्या माझ्यावर : "तू कसाले थांबना रे भो?" (तू कशाला थांबलास रे भाऊ?)

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. चालवणाऱ्यांनीच लिहा. पायी चालणाऱ्यांच्या चुका आपल्याला पाठ आहेत.

भुसावळ, निवृत्त एसटी चालक
आजींचं बरोबर आहे. तुम्ही थांबलात, मागच्याला सांगितलं नाहीत. मी लांबूनच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचो, ब्रेकचे दिवे दोनदा दाखवायचो, उजवा हात बाहेर काढून खालीवर हलवायचो. डावीकडे मोटरसायकल घुसेल एवढी जागा ठेवायची नाही. आणि समोरच्याला 'जा' म्हणून हात कधीच करायचा नाही. आपला हात पाहिला की तो दुसरीकडे बघतच नाही, आणि शेजारून काय येतंय ते आपल्याला तरी कुठे दिसतं? उभ्या एसटीला ओव्हरटेक करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की उतरलेलं पोरगं एसटीच्या नाकापुढूनच पळतं.

सावदा, केळीची गाडी
ताशी ६० म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं, गाडी थांबणं पुढेच. वर भरलेला माल. म्हणून गाव आलं की आधीच हळू. दुसरं, डिपर, म्हणजे हेडलाइट झपकन लावून-विझवणं. आम्ही डिपर मारतो म्हणजे 'येतोय, थांब'. पायी माणूस समजतो 'ये'. हे मला पारोळ्याला चहा प्यायला रस्ता ओलांडताना कळलं, स्वतः मधोमध उभा असताना! तेव्हापासून माणसाला डिपर मारत नाही.

धुळे
चैत्रात आम्ही सप्तशृंगी गडावर पायी जातो. उन्हामुळे चाल रात्रीची. अप्पर मारून येणारी गाडी आली की पुढचं पाऊल कुठे टाकतोय तेच दिसत नाही. रस्ता ओलांडायचा तर देवीचं नाव घ्यायचं. एकदा मालेगावच्या अलीकडे एका टेम्पोवाल्याने डिम करून चारही इंडिकेटर लावले आणि आमची पन्नासेक माणसं पलीकडे जाईपर्यंत आडवा उभा राहिला. मागचे हॉर्न वाजवत होते. आमच्यातल्या म्हातारीने त्याला नारळ दिला. मी गाडी चालवायला त्याच रात्री शिकलो म्हणा.

चोपडा
सगळं ठीक, पण कानात हेडफोन घालून उतरणाऱ्यांचं काय?

शहादा, शिक्षिका
त्यांच्यासाठीही ब्रेक तोच लागतो, भाऊ. २०१७ च्या वाहनचालन नियमांत झेब्रा पट्ट्यांवर पहिला हक्क पायी माणसाचा आहे. लायसन्ससाठी मी आठ काढून दाखवला. पट्ट्यांपाशी थांबून दाखव असं मला कुणी म्हटलं नाही. आणि आमच्या शाळेपुढचे पट्टे दोन पावसाळ्यांत पुसले गेले, तेव्हा हक्क तरी कुठे उभा राहून मागायचा?

धागाकर्ता
एसटीवाल्या काकांचं ऐकून काल हात बाहेर काढला. मागचा बाईकवाला थांबला, दोन शिव्या दिल्या, पण थांबला. ज्या पोरासाठी थांबलो ते आईस्कँडी चोखत, न बघता, निवांत पलीकडे गेलं.