मदत हवी आहे: क्रोशाची त्रिकोणी शाल एका बाजूला वाढतेय

नमस्कार मंडळी,
आईच्या पंचाहत्तरीसाठी क्रोशाची जाळीदार शाल विणतेय. माझी पहिलीच, याआधी फक्त रुमालाच्या कडा केल्यात. तुळशीबागेतून फिकट जांभळी अ‍ॅक्रिलिक लोकर आणली, सुई 5 मिमीची. सुरुवात मानेच्या मधोमध: 4 साखळ्यांचं कडं, त्यात 3 खांब (सुईवर दोरा घेऊन विणलेले उभे टाके), 2 साखळ्या, 3 खांब. पुढे प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना आणि मधल्या 2 साखळ्यांच्या घरात (जाळीच्या मोकळ्या जागेत) खांब वाढवायचे.

14 ओळींनंतर पाहते तर उजवी बाजू मोठी, 3 घरं जास्त! ओळ उलटवताना घेतलेल्या 3 साखळ्या मी कधी खांब म्हणून मोजल्या, कधी नाही. घोळ तिथेच झाला असणार. उसवायची तयारी आहे, पण नेमकं कुठपर्यंत, हे कसं ओळखायचं? मधल्या घराला खूण म्हणून तुम्ही काय लावता, रंगीत दोरा की सेफ्टी पिन?

शिवाय अ‍ॅक्रिलिक नुसतं भिजवून, ताणून टाचलं तर जाळी तशीच राहत नाही म्हणे. इस्त्री न टेकवता लांबून वाफ कुणी दिली आहे का? लोकर चपटी तर नाही ना पडत?

कोथरूडजवळ कुणी तासभर समोर बसून दाखवणार असेल, तर मी सगळं सामान घेऊन येईन. थंडीत सकाळी सारसबागेत जाताना आईच्या खांद्यावर ही शाल असावी, एवढंच मनात आहे.