आईने इन्सुलिन बंद केलंय, "विश्वास ठेवा" म्हणून सांगितलंय. हे पवित्र शास्त्राला धरून आहे का?

शाहूपुरीची_लेक:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही कोल्हापूरचेच, आजोबांपासून मिशनच्या चर्चमध्ये जाणारं घर. आईला बरीच वर्षं शुगर आहे, सकाळ संध्याकाळ इन्सुलिन. दोन महिने झाले मोबाईलवर एका प्रचारकाचे संदेश ऐकत असते आणि गुरुवारी एकांच्या घरी प्रार्थनेला जाते, तिथं सांगितलं की औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, आणि बरं व्हायचं तर बीज पेरा, म्हणजे पैसे द्या. हिने दोन हजार दिले आणि परवापासून सुईच बंद केली. मी काही बोलले की यिर्मया २९:११ दाखवते, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत असं देव म्हणतो ते वचन. मला प्रभूच्या सामर्थ्यावर शंका नाही हो, भावाच्या टायफॉईडात आम्ही रात्रभर गुडघ्यांवर होतो. पण खरी शिकवण कुठली आणि खोटी कुठली हे साध्या माणसाने ओळखायचं कसं? नुसतं विचारलं तरी पाप केल्यासारखं वाटतंय.

वॉर्डातली_ताई:
मी नर्स आहे, वचनाचं बाकीचे सांगतील. ताई आधी आज शुगर तपासा आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा की परत कसं सुरू करायचं, स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटात दुखणं, ग्लानी, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या, आपलं सीपीआर सरकारी रुग्णालय रात्री पण उघडं असतं. प्रार्थना रिक्षात पण करता येते.

पंचगंगाकाठ:
पोरी, विचारणं पाप नाही. प्रेषितांची कृत्ये १७:११ काढ. बिरुयाचे लोक पौलाचं बोलणं ऐकून रोज शास्त्र उघडून बघायचे की हा सांगतोय ते खरंच असं आहे का, आणि त्यासाठी त्यांचं कौतुकच लिहिलंय. पौलाला तपासून घेतलं तर मोबाईलवरच्या माणसाला का नको?

आता यिर्मया. २९ वा अध्याय हे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, बाबेलात म्हणजे बॅबिलोनमध्ये धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं. अकराव्याच्या आधीचं दहावं वचन वाच, सत्तर वर्षं झाल्यावर तुम्हाला परत आणीन असं तिथं म्हटलंय. घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं भलं चिंता, असं सांगितलंय. आशा खरी आहे, पण ती उद्या सकाळी रिपोर्ट नॉर्मल येईल अशी नाही. एक वचन तोडून स्टेटसला लावलं की कुणालाही काहीही सांगता येतं, मत्तय ४ मध्ये सैतानानेसुद्धा स्तोत्र ९१ मधलंच वचन म्हणून दाखवलंय की.

आणि आजार म्हणजे अविश्वास म्हणणाऱ्याला विचार, पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावी आजारी सोडलं ते कशाला? आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं ते? हिज्कीया राजाचं तर बघच, देवाने प्रार्थना ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचा लगदा लावायला सांगितला. आईला हे वाद घालून सांगू नकोस, शेजारी बसून वाच. पंडिता रमाबाई हिब्रू, ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, १९२२ ला वारल्या तोपर्यंत तेच काम चाललं होतं. आपल्या बायाबापड्यांनी स्वतः वाचावं म्हणूनच ना ते.

राजारामपुरीकर:
बीज पेरा वर बोलतो कारण आमच्या घरात झालंय, वडिलांनी कर्ज काढून दिलेत पैसे, म्हणून लिहिताना हात थरथरतोय. आम्हाला तेव्हा योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं दुसरं वचन दाखवायचे, तुझं सगळं कुशल होवो वगैरे. अहो ते गायसला लिहिलेल्या पत्राची सुरुवात आहे, आपण नाही का लिहायचो पत्रात, इकडे सर्व खुशाल, तुम्हीही असाल, तसं. त्यावरून श्रीमंतीचं वचन काढलं यांनी. अलीशा संदेष्ट्याने नामान सेनापतीचं कोड बरं करून एक पै घेतली नाही, आणि नामानाच्या मागं पळत जाऊन चांदी घेणाऱ्या अलीशाच्या चाकराला, गेहजीला, तेच कोड लागलं ते २ राजे ५ मध्ये आहे. तेव्हापासून मी एकच बघतो, दुखणाइताच्या घरातून पैसे नेतो का देऊन जातो.

शाहूपुरीची_लेक:
सगळ्यांचे आभार, मघाशी लिहायची परिस्थिती नव्हती. शुगर ३४० निघाली, डॉक्टरांशी बोललो, त्यांनी बोलावून घेतलं, इन्सुलिन सुरू केलंय. रात्री काकांनी सांगितल्यासारखं अख्खा २९ वा अध्याय वाचला, भांडले नाही. सत्तर वर्षं ऐकल्यावर आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली हे तर तिथं कधी वाचलंच नाही. गुरुवारचं अजून सोडते म्हणाली नाही, मी पण जोर केला नाही. काका, हिज्कीयाचं ते कुठल्या अध्यायात आहे तेवढं टाका, तिला चष्मा लावून स्वतः वाचायचंय.

पंचगंगाकाठ:
२ राजे २०, पहिली सात वचनं. यशया ३८ मध्ये पण आहे.