मदत हवी आहे: भाऊ तेआहुपोओच्या लाटेवर सर्फिंगला निघालाय, त्याला नेमकं काय काय विचारू?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. पोहायला शिकवते, सध्या उन्हाळी बॅचेस असल्याने सकाळ-संध्याकाळ तलावावरच असते. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पर्थला राहतो आणि बरीच वर्षं सर्फिंग करतोय. मार्गारेट रिव्हरला हिवाळ्यातल्या मोठ्या लाटांवर तो नेहमी जातो, बालीत उलुवातूलाही अनेकदा जाऊन आलाय. म्हणजे नवशिका नाही, हे आधीच सांगते. जुलैत दोन मित्रांबरोबर तो दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर निघालाय, तिथल्या तेआहुपोओ गावाला.

"त्याला जाऊच देऊ नका" असं कृपया लिहू नका. तो जाणार आहे, आणि एवढी वर्षं ज्यासाठी घाम गाळला ती लाट त्याला मिळावी असं मलाही मनापासून वाटतं. भावजयीने मात्र फोन करून सांगितलं, "ताई, तुमचं तो ऐकतो, तुम्ही एकदा नीट बोला." मला त्याला असे प्रश्न विचारायचेत की उत्तरं ऐकून तयारी पुरेशी आहे की नाही ते कळेल. इथे कोणी रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर, सर्फिंग केलेलं असेल, मर्चंट नेव्हीत किंवा बचावकार्यात असेल, डॉक्टर असेल, तर वेळ काढून लिहा.

मला आतापर्यंत जे समजलंय ते मांडते. चुकत असेल तिथे दुरुस्त करा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं सर्फिंग इथेच झालं होतं. ताहितीच्याच काउली वास्तने सुवर्ण जिंकलं, आणि रौप्य मिळवणारा जॅक रॉबिन्सन मार्गारेट रिव्हरचा. भावाच्या डोक्यात ही जागा तेव्हापासून घर करून आहे.

ही लाट इतकी धोक्याची का, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांत उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून इथे येतात. बहुतेक किनाऱ्यांवर तळ हळूहळू वर येतो, लाट तळाला घासत घासत दमते आणि मग फुटते. इथे खोल समुद्र थेट रीफच्या तोंडापर्यंत आहे आणि तळ एकदम वर चढतो, त्यामुळे सगळी ताकद शाबूत घेऊन लाट रीफवर आदळते. भाऊ सारखा "पिरियड किती आहे", म्हणजे दोन लाटांमध्ये किती सेकंदांचं अंतर आहे, ते बघत असतो, त्याचं कारण आत्ता कळलं. १६ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची खोल पाण्यातली लांबी ४०० मीटरच्या आसपास भरते, ९ सेकंदांवाल्या लाटेची जेमतेम सव्वाशे. उंचीचा आकडा सारखा असला तरी पहिलीच्या मागे पाण्याचा लोंढा किती मोठा असतो ते यावरून लक्षात यावं.

शिवाय लाट उभी राहताना रीफवरचंच पाणी ओढून घेते, म्हणून तिचा पायथा समुद्राच्या पातळीच्याही खाली जातो. मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. एका ठिकाणी सर्फर लाटेच्या पोकळीत आहे, आणि त्याच्या बोर्डपुढे पाण्याचा थर इतका पातळ झालाय की खालच्या प्रवाळाचे तपकिरी डाग स्पष्ट दिसतात. कमरेइतकंसुद्धा पाणी नसावं. आईने एवढंच पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

त्यामुळे माझी पहिली चिंता बुडण्याची नाही, पडण्याची आहे. आम्ही दोघं पोहायला शिकलो ते पंढरपूर तालुक्यात, आजोळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. उडी म्हणजे सूरच. डोकं खाली घालून पाण्यात शिरणं आमच्या अंगात मुरलंय, आणि रीफवर नेमकं तेच करायचं नसतं. तिथे सपाट पडायचं, हातांनी डोकं झाकायचं, पाय खाली टेकवून उभं राहायला जायचं नाही, असं तो सांगतो. पण घाबरलेल्या क्षणी शरीर लहानपणचंच करतं, हे मी तलावावर रोज बघते. ही सवय मोडायला सर्फर कसला सराव करतात? कोणी केलाय का?

हेल्मेटचंही विचारायचंय. ओवेन राइट या नामवंत ऑस्ट्रेलियन सर्फरला २०१५ मध्ये हवाईच्या पाइपलाइनवर मेंदूला इजा झाली, त्याला चालायलासुद्धा नव्याने शिकावं लागलं. तो सावरला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्य घेऊन आला. हवाईची सर्फर कीला केनेली २०११ मध्ये तेआहुपोओलाच रीफवर आपटली, तिचा चेहरा फाटला होता. भाऊ हेल्मेट घालायला तयार आहे. त्याचे मित्र म्हणतात की हेल्मेटमध्ये पाणी भरलं की मानेला हिसका बसतो. हे कितपत खरं? फिटिंग घट्ट असेल तर हा धोका टळतो का?

दुसरी चिंता श्वासाची. इथे मी थोडी ठाम आहे, कारण हा माझा रोजचा विषय. तो पूलमध्ये श्वास रोखण्याचा सराव करतो, तोही बऱ्याचदा एकटा. पाण्यात जाण्याआधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते आणि तोवर ऑक्सिजन संपून माणूस काहीही पूर्वसूचना नसताना बेशुद्ध पडतो. उत्तम पोहणारेच यात जातात. सोबतीला कोणी असल्याशिवाय हा सराव करायचा नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. लाटेखालची परिस्थिती मात्र वेगळी: आधी दमछाक झालेली, छातीला मार बसलेला, आणि वर यायच्या आत दुसरी लाट डोक्यावर. त्यासाठी धावून दम लागल्यावर जमिनीवरच श्वास रोखण्याचा सराव सुचवतात, तो उपयोगी पडतो का?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑलिंपिकच्या चित्रणात जेट-स्की, बचावपथक, डॉक्टर सगळे हजर दिसतात. स्पर्धा नसलेल्या दिवशी तिथे कोण असतं? फिटनेसबद्दल आणि बोर्डबद्दल भाऊ तासभर बोलतो. "तू रीफवर बेशुद्ध पडलास तर पहिल्या दोन मिनिटांत तुला पाण्याबाहेर कोण काढणार?" असं विचारलं की, "मित्र आहेत ना." पण मित्रही लाटेवरच असणार! लाट फुटते ती किनाऱ्यापासून जवळपास अर्धा किलोमीटर आत. गाव रस्त्याच्या टोकाला, ताहितीची राजधानी पापेएते, तिथलं मोठं रुग्णालय तिथून सुमारे ७० किलोमीटर.

विम्याचं थोडक्यात: ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्य योजना, मेडिकेअर, तिथे चालत नाही, म्हणून तो प्रवास विमा घेतोय. पॉलिसीत "सर्फिंग" लिहिलेलं पुरतं, की बोटीने किंवा हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च वेगळा बघावा लागतो?

आणि प्रवाळाच्या जखमा. जानेवारीत तो गड्ड्याच्या यात्रेला आला होता. अंगणातल्या नळावर पाय धूत असताना त्याच्या नडगीवर लांब उंचवटा दिसला, कडेला अजून काळसर कण. उलुवातूची खूण. तेव्हा वरवर धुऊन सोडून दिलं, जखम चिघळली आणि अँटिबायोटिक घ्यावं लागलं. डॉक्टर मंडळींनी सांगावं, सोबत काय काय न्यावं?

भर, प्रतिसाद वाचल्यानंतर:

सर्वांचे मनापासून आभार. लाटेची उंची फुटांत कशी मोजतात याबद्दल ज्यांनी लिहिलं, त्यांचा मुद्दा फार मोलाचा ठरला. "आठ फुटांपर्यंतच जाईन" असं तो म्हणाला होता. "कुठले आठ फूट?" असं विचारलं तेव्हा कळलं की तो हवाईच्या पद्धतीने, म्हणजे लाटेच्या मागून मोजतो. समोरून ती जवळजवळ दुप्पट! आता आकडा खाली आणलाय, आणि पश्चिमेकडून जास्त वळलेल्या लाटांच्या दिवशी बोटीतच बसायचं असं ठरलंय.

जखमेबद्दल दोन डॉक्टरांनी एकच सांगितलं: भरपूर स्वच्छ पाणी आणि साबण, दुखलं तरी घासून कण काढायचे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधीच घ्यायचं. यादी त्याला पाठवली.

बोटवाल्याशी बोलणं झालंय. माणूस स्थानिक आहे, रोज त्याच खाडीत बोट चालवतो. तिघांपैकी एकजण कायम बोटीवर थांबेल, पाळीपाळीने, हेही ठरलं. फुगणाऱ्या जॅकेटची गॅसची नळकांडी विमानात न्यायची तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते, हे ज्यांनी लक्षात आणून दिलं त्यांचे विशेष आभार. ऑकलंडला अडला असता.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. डोकं आपटलं की मानही दुखावली आहे असंच धरून चालायचं, हे मला माहीत आहे. पूलमध्ये दोन्ही बाजूंनी डोकं-मान स्थिर धरून माणसाला उताणं तरंगत ठेवायचं, हे मी शिकवते. पण हेलकावणाऱ्या पाण्यात, मागून लाटा येत असताना, दोघांनीच त्याला बोटीत कसं घ्यायचं? आधी श्वास की आधी मान? समुद्रात हे प्रत्यक्ष केलेलं कोणी असेल तर पायरीपायरीने लिहा. त्या तिघांना व्हिडिओ कॉलवर बसवून मी ते करून घेईन.