मे महिन्यात आंबा, जानेवारीत शाळा, मग पोरांना स्कीइंगला न्यायचं कधी?

आंबेवाली_पावस

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीजवळ पावसला राहतो, घरची आंब्याची बाग आहे. पोरगी सहावीत, पोरगा तिसरीत. गेल्या वर्षी पोराने यूट्यूबवर कुणीतरी पायाला पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत येतोय असं काहीतरी बघितलं आणि तेव्हापासून अंगणात दोन फळकुटं पायाला सुतळीने बांधून फिरतोय, एकदा दळ्यात पडला पण हौस काही फिटली नाही. सासूबाई (वय ६८) म्हणतात मला पण न्या, मी बर्फ बघितलाय तो फक्त मिरकरवाड्यात मासळीच्या पेटीतला.

आता अडचण अशी की सुट्टी असते तेव्हा आम्हाला सुट्टी नसते. मे महिन्यात तोडणी, पेट्या भरणं, रोज गाडी लावणं, त्यात मुंबईचे सगळे चाकरमानी घरी. दिवाळीत भातकापणी आणि तेव्हा बर्फ नसतोच म्हणे. गणपतीत तर घराबाहेर पडणं शक्यच नाही. शिमग्याला पालखी घरी येते, देवाला दार बंद दिसलं तर सासूबाई मला आयुष्यभर ऐकवतील. नाताळात शाळेला जेमतेम एक दिवस. मग जायचं कधी आणि कुठे? बजेट ऐंशी हजारांच्या आत बसवायचंय, पाच माणसं. खरंखुरं स्कीइंग करायचंय, नुसता फोटो नको. आणि आमच्याकडे एकाकडेही धड स्वेटर नाही हे आधीच सांगते.

चिपळूणचा_भटक्या

वहिनी, आम्ही दोन वर्षांपूर्वी दोन मुलांना घेऊन मनालीजवळच्या सोलांगला जाऊन आलो त्यामुळे सांगू शकतो. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की शाळेच्या सुट्टीत स्कीइंग होईल. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या सुट्ट्या आणि बर्फ यांची गाठच पडत नाही. आपल्याकडे कुठेही म्हणजे काश्मीरचं गुलमर्ग, हिमाचलचं सोलांग किंवा नारकंडा, उत्तराखंडचं औली काहीही घ्या, शिकण्यासारखा बर्फ मिळतो तो साधारण जानेवारी ते मार्च. नाताळात लोक मरणाची गर्दी करतात पण मनालीच्या बाजूला तेव्हा बर्फ पडलेलाच असेल असं नाही, तो वेस्टर्न डिस्टर्बन्सवर (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेवर) असतो, आपल्या मान्सूनसारखाच, यायचा तेव्हा येतो. त्यात रेट दुप्पट. आम्ही २७ जानेवारीला निघालो. सोलांगला मांडीभर बर्फ आणि हॉटेल जवळजवळ रिकामं, हजार-दीड हजारात चांगली रूम, गीझरसकट (गीझर आहे का आणि लाइट गेल्यावर काय करता हे फोनवर विचाराच).

जायचं कसं, तर गोवा संपर्कक्रांती. रत्नागिरीला बसायचं आणि थेट चंदीगडला उतरायचं, दिल्लीत सामान घेऊन स्टेशन बदलायची कटकटच नाही. आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते त्यामुळे आधी गाडीचे वार बघा आणि मग बाकीचं सगळं ठरवा, उलटं करू नका. रिझर्व्हेशन आता साठच दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. चंदीगडहून मनाली हिमाचलच्या सरकारी बसने रात्रभरात. फक्त जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, गाडी चार-सहा तास लेट होऊ शकते, म्हणून बसचं तिकीट गाडीच्या वेळेला अगदी चिकटवून काढू नका. आम्ही तसंच काढलं होतं आणि ते पैसे बुडाले.

खर्च आमचा चौघांचा सगळा मिळून पासष्ट हजारांच्या घरात गेला. त्यात थर्ड एसीचंच वीस-एकवीस हजार, पाच वर्षांवरच्या मुलाला बर्थ घेतला की पूर्ण तिकीट लागतं हे लक्षात ठेवा. तीन दिवस शिकवणारा आणि स्कीचं सामान याचे चौदा-पंधरा हजार, बाकी राहणं खाणं बस टॅक्सी. तुम्ही पाच जण पण सासूबाई काय स्की बांधणार नाहीत, त्यामुळे ऐंशीत बसेल, खेचाखेच होईल पण बसेल.

आंबेवाली_पावस

अरे वा, गाडीचं माहितीच नव्हतं, आम्ही दिल्लीचाच विचार करत होतो! पण जानेवारी म्हणजे मोहोर, फवारण्या. आणि शाळेचं काय? दहा दिवस बुडवायचे म्हणजे बाई रागावणार. आणि तीन दिवसांत खरंच येतं का हो स्कीइंग?

मास्तर_राजापूर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो म्हणून अधिकाराने सांगतो, सहावी आणि तिसरीतल्या मुलांचे जानेवारीच्या शेवटी आठ दिवस बुडाले तर आभाळ कोसळत नाही. स्नेहसंमेलन झालेलं असतं, वार्षिक परीक्षेला वेळ असतो. फक्त २६ जानेवारी बुडवू नका, झेंडावंदनाच्या लेझमीत मुलगी असेल तर बाई खरंच रागावतील आणि मीसुद्धा रागावेन. २७ ला निघा. आधी लेखी अर्ज द्या, खोटं आजारपण लिहू नका. दरवर्षी ताप म्हणून अर्ज येतो आणि मुलगा परत आल्यावर नाक सोललेलं असतं आणि वर्गभर बर्फाच्या गोष्टी सांगत फिरतो. खरं कारण लिहिलंत तर मी तरी त्या मुलाला परत आल्यावर फळ्यापुढे उभं करून पंधरा मिनिटं बोलायला लावतो, भूगोलाचा एक तास वाचतो माझा. पुढल्या वर्गांत मात्र हे जमत नाही, शिष्यवृत्तीचं वर्ष असलं की फेब्रुवारीत परीक्षा, दहावीचं तर बोलूच नका. म्हणजे जायचं तर आत्ताच.

मोहोराचं म्हणाल तर आमच्या मेव्हण्याची बाग आहे, तो दापोलीच्या विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारतो, दोन फवारण्यांत पंधरा दिवसांचं अंतर असतं ना? एक मारून निघा आणि पुढची यायच्या आत परत या. मध्ये मळभ धरलं आणि तुडतुडा वाढला तर बघायला घरचं कुणीतरी पाहिजे, एवढीच सोय करा.

चिपळूणचा_भटक्या

मास्तर, फवारणीचं गणित भारी.

वहिनी, तीन दिवसांत येतं का, तर खोटं सांगत नाही. पहिला दिवस बूट घालण्यात आणि पडण्यात जातो. तो बूट म्हणजे आपल्या चपलेच्या पायाला शिक्षाच, प्लास्टिकचा कडक, नडगीपर्यंत, वरून लोखंडी क्लिपा, घोटा वाकतच नाही, चालताना माणूस नवीन लग्न झालेल्या बगळ्यासारखा चालतो. आत जाड लोकरीचा एकच मोजा घाला, दोन घातले की सुरकुती पडून फोड येतो. नंबर बरोबर नसेल तर लगेच बदलून मागा, भाड्याचं सामान आहे, लाजायचं नाही. मग शिकवतात ते म्हणजे दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखं, आणि टाचा बाहेर ढकलायच्या, की वेग कमी होतो. हा ब्रेक जमला की निम्मं काम झालं. आमच्या पोरांना दुसऱ्या दिवशी दुपारी जमलं, मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. बायकोने दुसऱ्या दिवशी स्की काढून ठेवल्या आणि मॅगी खात बसली, ती सगळ्यात सुखी होती.

पैसे ठरवताना तासाचा रेट विचारा. तिथे "स्कीइंग" म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा दहा मिनिटं हात धरून ओढणं आणि फोटो. सरळ सांगायचं, आम्हाला तीन दिवस, रोज सकाळी तीन तास, चौघांना एक माणूस. पहिल्या दिवशीचे पैसे पहिल्या दिवशी, सगळे एकदम नाही.

कुडाळचो_झील

वयनीनू, भटक्यान सांगल्यान ता शंभर टक्के खरा. आमी एका टूरवाल्याकडसून गेल्लो, नाव घेनय नाय. कागदार लिवलेला 'स्कीइंग समाविष्ट'. थय गेल्यार एकान आमच्या झिलाच्या पायाक स्की बांदल्यान, दोन फोटो काढल्यान आणि सोडल्यान. सात मिनटा! मिया घड्याळ बघलंय. इचारला तर म्हणता 'पॅकेज में इतना ही है'. त्यापरास पॅकेज घेवच नका, सगळा आपणच जुळवा.

आणि एक. खोबरेल तेल नेतास तर रुंद तोंडाच्या बरणीत न्हेया. आमची बाटली पयल्याच रातीक दगड झाली, बायलेन चमच्याच्या दांड्यान टोकरून काढल्यान.

सुट्टीतला_चाकरमानी

मी मूळ संगमेश्वरचा, सध्या डोंबिवली. सगळे मनाली मनाली करताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. बर्फाचा भरवसा हवा असेल तर गुलमर्ग. साडेआठ हजार फुटांच्या वर आहे, फेब्रुवारीत तिथे बर्फ नाही असं क्वचितच होतं, आणि नवशिक्यांसाठी खालीच पसरट उतार आहेत, गोंडोलात (रोपवेत) बसायची गरजच नाही. आजींना मात्र गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत न्या, कोंगडोरीपर्यंत. दुसरा टप्पा जातो अफरवटला, जवळजवळ चार हजार मीटर, तिथे ६८ व्या वर्षी उगाच दम काढू नका. तिकीट ऑनलाइन आधी काढावं लागतं, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि आता कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झालीय, जून २०२५ पासून. वाटेत चिनाबचा पूल लागतो, नदीपासून ३५९ मीटर उंच, त्या भागाचं काम आपल्या कोकण रेल्वेकडे होतं. आपल्या बोगद्यांत आणि पनवलच्या पुलावर शिकलेलं तिकडे कामाला आलं म्हणायचं. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो आणि शेजारच्या पंजाबी काकांना तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ते झोपले.

पण खर्चाला गुलमर्ग महाग पडतं हे मान्य. राहायला टनमर्गला खाली राहिलात तर स्वस्त, रोज वर जायचं, बर्फ पडला की चाकांना साखळी लावलेली गाडी करावी लागते. पाच माणसांत ऐंशीत बसणार नाही माझ्या मते.

औली कुणी सुचवलं तर दोनदा विचार करा. उतार सुंदर आहेत, गढवाल मंडळ विकास निगमचे सात दिवसांचे कोर्सही असतात, पण अलीकडे बर्फाअभावी तिथल्या स्पर्धा रद्द कराव्या लागल्यात. शिवाय ऋषिकेशहून अडीचशे किलोमीटर घाट, तुमची पोरं आंबा घाटात उलट्या करणारी असतील तर कठीण.

आंबेवाली_पावस

आंबा घाट सोडा, माझा मुलगा हातखंब्याच्या वळणालाच सुरू होतो. औली कॅन्सल.

यजमान विचारतायत की शाळा न बुडवता जूनच्या पहिल्या आठवड्यात काही जमेल का? हापूस २५ मेपर्यंत आवरतो, शाळा १५ जूनच्या आसपास, मध्ये मृग लागायच्या आत जाऊन यायचं.

चिपळूणचा_भटक्या

बर्फ बघायला जमेल, शिकायला नाही. तेव्हा सोलांग हिरवंगार असतं, गाई चरतात. बर्फ असतो तो वर रोहतांग खिंडीत, ३,९७८ मीटरवर, रस्त्याच्या कडेला भिंतीसारखा उभा, वरून काळपट झालेला. तिथे गाडीला परमिट लागतं, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली आहे आणि मंगळवारी बंद. सासूबाईंची हौस फिटेल, पोराची नाही. तो फळकुटं बांधून फिरतोय ना, मग जानेवारीच.

एक राहिलं, मनालीच्या वर अटल बोगद्यापलीकडे सिस्सू गावाला जायचा बेत करत असाल तर आधी चौकशी करा. २० जानेवारीनंतर महिना-सव्वा महिना तिथले गावकरी देवाच्या सणासाठी पर्यटन बंद ठेवतात. चिडू नका, आपल्या आचऱ्याला गावपळणीत अख्खं गाव वेशीबाहेर राहतं तेव्हा कुणी हॉटेल उघडं मागतं का?

स्वेटर घेऊ नका एवढे. अंगाला चिकटणारे थर्मल प्रत्येकी दोन जोड आणि लोकरीचे मोजे विकत घ्या, वरचा ड्रेस आणि गमबूट मनाली ते सोलांग रस्त्यावर नंबर घातलेल्या दुकानांत भाड्याने मिळतात. किंवा तुमचे पावसाळ्यातले गमबूट न्या की घरचे, आणि रेनकोटची पँट थर्मलवर चढवा. बर्फात भिजायला होतं तेच खरं थंडीचं कारण, आणि पाणी अडवायचं सामान आपल्याइतकं कुणाच्या घरात आहे? कॉटनची जीन्स मात्र नको, एकदा भिजली की दिवसभर अंगावर गार फरशी बांधल्यासारखी. काळे गॉगल सगळ्यांना, सासूबाईंना पण, बर्फावरचं ऊन डोळ्यांत जातं.

आंबेवाली_पावस

ठरलं. २७ जानेवारीच्या पुढची पहिली गाडी जी मिळेल ती, सोलांग, तीन दिवस शिकवणी. फवारणी धाकटे दीर बघणार आहेत, त्या बदल्यात त्यांनी किन्नौरी टोपी मागितलीय. अर्ज पोरीनेच लिहिला, "बर्फाचा अभ्यास करण्यासाठी" असं कारण घातलंय, बाई हसल्या आणि सही केली. सासूबाईंना गॉगल घालून दाखवला तर आरशासमोरून हलायला तयार नाहीत.

आता एकच शंका, गाडीत दीड दिवस, तर तांदळाची भाकरी टिकेल का घावन नेऊ? आणि सुक्या जवळ्याची चटणी एसी डब्यात उघडली तर लोक खाली उतरवतील का?

कुडाळचो_झील

चटणी न्हेया. पण उघडूची ती पनवेल गेल्यार, तोपर्यंत डब्यात सगळी आपलीच माणसा आसतत, वाटून संपतली.