सेज ग्राऊसच्या मोजणीत फक्त नरच का?

प्रश्न: एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगला सेज ग्राऊस (कोंबडीच्या जातकुळीतले रानपक्षी) मोजायला पहिल्यांदाच जातोय. माद्या मोजायच्या नाहीत म्हणे. का?

उत्तर: माद्या थोडाच वेळ येतात, त्यात मातकट रंग, झुडपांत दिसतच नाहीत. नर मात्र माद्यांना रिझवायला रोज त्याच मोकळ्या जागी हजर. छातीवरच्या दोन पिवळ्या पिशव्या फुगवतात, पांढरी पिसं उसळतात आणि ‘बुडुक्’ असा आवाज घुमतो. त्यासाठी मी कितीही थंडी सोसेन! पहाटे अंधारातच पोचा, गाडीतून उतरू नका. एका टोकाकडून मोजत जा, थोड्या वेळाने पुन्हा मोजा. सगळ्यांत मोठा आकडा धरायचा.

दुसरं उत्तर: जोराचा वारा असेल तर जाऊच नका.

प्रश्नकर्ता: सगळे एकदम उडाले तर?

उत्तर: सोनेरी गरुड आला असेल. परतले नाहीत तर दुसऱ्या पहाटे पुन्हा जायचं.