मदत हवी आहे: जपानी फॅमिकॉमचं चित्र टीव्हीवर येत नाही

निन्टेन्डोचा मूळ फॅमिकॉम हा गेम कन्सोल (१९८३चं मॉडेल) हाती आला आहे. यात फक्त आरएफ आउटपुट (टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडायचं) आहे. आपल्याकडची जुनी ६० पिनांची गेमची काडतुसं यात सरळ बसतात, म्हणून तर घेतला.

वीजपुरवठा ठीक आहे: १० व्होल्ट डीसीचा मूळ अडॅप्टर, प्लगच्या मध्ये ऋण, २३० वरून १०० व्होल्टवर आणणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर. मागचा स्विच चॅनल १ आणि २ दोन्हींवर ठेवून पाहिला. एलसीडी टीव्हीचं ऑटो स्कॅन काहीच पकडत नाही. जपानी चॅनल १ म्हणजे ९१.२५ मेगाहर्ट्झ, जिथे आपल्याकडे एफएम चालतं. गंमत म्हणजे एफएम रेडिओ ९५.७ च्या आसपास लावला की गेमचं संगीत स्वच्छ ऐकू येतं! त्यामुळे कन्सोल, काडतूस आणि मॉड्युलेटर (चित्र-आवाज टीव्ही चॅनलवर चढवणारा भाग) जिवंत आहेत असं धरतो.

१९९३चा एव्ही फॅमिकॉम (टीव्हीच्या एव्ही इनपुटला थेट जोडता येणारा) घ्या, हे कृपया सुचवू नका, बजेट नाही. एनटीएससी (जपानची जुनी टीव्ही सिग्नल पद्धत) चालणारा ट्यूनर बॉक्स इथे पुण्यात मिळाला नाही. टीव्हीच्या एव्ही इनपुटला एनटीएससी रंगीत दिसतं, हे दुसऱ्या कन्सोलवर तपासलंय. सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, पण बाहेरची बॉडी कापायची नाही.

म्हणून एक ट्रान्झिस्टर लावून कॉम्पोझिट (एव्ही इनपुटला चालणारा व्हिडिओ सिग्नल) काढायचा विचार आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांना विचारतो: पीपीयूची (चित्र तयार करणाऱ्या चिपची) २१ नंबरची पिन बोर्डवरून उचलावीच लागते, की ती तशीच ठेवून, तिथूनच सिग्नल घेऊनही पडद्यावरच्या उभ्या काळ्या पट्ट्या टाळता येतात?